तक्रारीआधी थोडं ऐकून घ्या, वहिनी

वहिनी, झाडांना पाणी घालून झालं असेल तर जरा इकडे या. इथे कुंपणाची तार खाली आलीय, बोलायला बरं पडतं. काल तुमचे हे आमच्या यांना विचारत होते म्हणे, "त्या कोपऱ्यातल्या बंगलीत रोज सकाळी भोंगा कोण वाजवतं? तक्रार कुठे करायची?" म्हटलं, तुम्ही पुण्याहून नुकत्याच आलात, वसईची अजून ओळख व्हायचीय. अर्ज लिहायचा तर खुशाल लिहा, पण कोणाविरुद्ध लिहिताय तेवढं आधी कळू दे.

तो भोंगा नव्हे हो, टेनर सॅक्सोफोन आहे. वाजवतात ते आमचे अंकल. नाव नाही सांगत. आपलं नाव चारचौघांत निघालेलं त्यांना खपत नाही, आणि सगळी वाडी त्यांना अंकलच म्हणते. ऐंशीला टेकलेत. सकाळी तो एकच सूर ऐकता ना, हलकेच सुरू होतो, भरत जातो, परत बारीक होत विरतो? तुम्ही तर गाणं शिकलेल्या. तुमचा पहाटेचा खर्ज तोच यांचा 'लाँग टोन'. तो झाला की एक छोटीशी फ्रेज घेतात आणि तीच बाराही पट्ट्यांत वाजवून काढतात. तुम्हाला वाटतं म्हातारा तेच तेच का घोळवतोय. पण पट्टी दर वेळी वेगळी असते. रात्री स्टेजवर गायिकेचा घसा बसला आणि ती म्हणाली, आज दोन सूर खाली घ्या, तर "मला या पट्टीत येत नाही" म्हणायची सोय सॅक्सवाल्याला नसते. आंटी विचारतात, "आता या वयात कोण गायिका तुम्हाला पट्टी बदलायला सांगणार आहे?" अंकल म्हणतात, "सांगितली तर?"

पावसाळ्यात तर घरात वेगळंच नाटक. सॅक्सच्या झडपांखाली चामड्याच्या बारीक गाद्या असतात. आपल्याकडच्या दमट हवेत त्या फुगतात, झडप नीट बसत नाही आणि खालचे सूर फुटतात. म्हणून जून ते सप्टेंबर सॅक्स आंटींच्या कपाटात, लग्नातल्या साड्यांच्या शेजारी, आत पिवळा दिवा लावून. खिडकीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या पट्ट्या पाहिल्यात का? त्यांना रीड म्हणतात. एका जातीच्या बोरूपासून कापतात, तोंडात धरून ओल्या कराव्या लागतात, आणि दहाच्या डबीतल्या मनासारख्या वाजतात त्या तीन-चारच. उरलेल्या अंकल त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या पोरांना देतात, असं मला आधी वाटायचं. आंटींनी खरं सांगितलं. चांगल्या असतात त्या पोरांना देतात आणि उरलेल्या स्वतः घासूनपुसून वाजवतात.

आमच्या यांची आणि त्यांची ओळख शेवटच्या विरार गाडीतली. हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला, हातभर शाई. ते काळा सूट, गळ्यात बो, मांडीवर सॅक्सची पेटी. डब्यात बाकी सगळे पेंगत असायचे, हे दोघे जागे. यांनी विचारलं, "काय, लग्नाच्या बँडमध्ये का?" ते म्हणाले, "मिळालं तर लग्नातपण." पुढे दोघांनी वसईत शेजारी शेजारी जागा घेतल्या, त्या या. तेव्हा धोबीतलाव-वांद्र्यातून कितीतरी वादक भाडं परवडेना म्हणून बोरिवली, वसईकडे सरकले.

अंकल मूळचे गोव्याचे, बार्देशातले. गावच्या चर्चला जोडलेली शाळा असायची आणि तिथे संगीताचे मास्तर. वाद्याला हात लावण्याआधी सोल्फेज, म्हणजे कागदावरची सुरावट डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हणायची. चुकलं की छडी. ते पक्कं झालं की व्हायोलिन. पेपर वाचावा तसं अंकल आजही कुठलंही नोटेशन सरळ वाचतात, ते त्या छडीमुळे. आधी चर्चमध्ये वाजवायचं, मग गावच्या बँडमध्ये, आणि मिशा फुटल्या की मुंबई. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाचे कूड होते, म्हणजे गावकऱ्यांचे क्लबच. भिंतीशी आपली ट्रंक ठेवायची, रात्री जमिनीवर अंथरूण टाकायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. बोटीवर जाणारे खलाशी, स्वयंपाकी आणि वादक एका खोलीत. जवळच फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान, ते १८६५ पासूनचं. काम देणारा माणूस दुपारी अवतीभवतीच्या हॉटेलांत यायचा आणि चहाच्या कपावर सांगायचा, आज रात्री दोन व्हायोलिन हवेत, एक ट्रंपेट हवा.

त्याआधीची गोष्ट तर आणखी मजेची. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकन काळा व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. स्वतःच्या देशात त्यांना कितीतरी हॉटेलांत खोलीसुद्धा मिळाली नसती, आणि इथे ताजच्या बॉलरूममध्ये अख्खी मुंबई त्यांच्या तालावर. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये 'ताजमहाल' नावाचा फॉक्सट्रॉटही रेकॉर्ड केला. गाणं रचणारे मेना सायलस इथल्याच बगदादी ज्यू समाजातले. गोव्याची पोरं या अमेरिकनांच्या शेजारी बसून वाजवू लागली. वाचता येत होतंच. जे कागदावर लिहिता येत नाही, तो सुरांना दिलेला झोल, ते मागे रेलून वाजवणं, ते यांच्याकडून उचललं. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. आपल्या मातीत गेलेला माणूस, असं अंकल म्हणतात आणि ग्लास उचलतात. निमित्त मिळालं की उचलतातच म्हणा.

गोव्याच्या त्या पोरांतलाच एक हळदोण्याचा, आंतोनियो झेवियर वाझ. सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणायचे आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ही पदवीही त्याचीच. १९६७ मध्ये तो गेला, तेव्हा अंकल मुंबईत नवेच होते. चिकला तुम्ही पाहिलेलं आहे, वहिनी. नाही काय, पाहिलंय! 'अलबेला' आठवतो ना, १९५१ चा, भगवानदादांचा? त्यातल्या त्या भडक झालरीवाल्या नाचाच्या गाण्यात ट्रंपेट घेऊन उभा आहे तो चिक, आणि मागे त्याचा बँड. संगीत कोणाचं? सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चितळकरांच्या चाली आणि चिकची साथ. अजून गणपतीच्या मिरवणुकीत भगवानदादांची ती खांदे हलवायची स्टेप लोक करतात. गिरणी कामगाराच्या पोराचा नाच सगळ्यांना पाठ, हळदोण्याच्या ट्रंपेटचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

हेच मला सांगायचंय. लग्नाच्या पंगतीत वाहवा होते आचाऱ्याची, मान मिळतो यजमानाला, आणि वाढपी? वाकून वाकून पाठ त्याची मोडते, पण जिलबी कोणी वाढली हे बाहेर पडल्यावर कोणाला सांगता येईल? सिनेमाच्या संगीतात या गोव्याच्या मंडळींचं तसंच झालं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचे. तिच्यात साठ-सत्तर वादकांपैकी कोणी काय वाजवायचं, कुठे व्हायोलिन चढवायचं, कुठे ट्रंपेट कापायचं, हे रात्री बसून कागदावर उतरवायचे अरेंजर. शंकर-जयकिशनकडे सॅबॅस्टियन डिसोझा होते, फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवलेले. फ्रँक फर्नांड होते, ज्यांनी पुढे कोकणी चित्रपट काढले. पडद्यावर यांची नावं क्वचितच यायची, वादकांची तर नाहीच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे त्यातले मोठे व्हायोलिनवादक. त्यांनी संगीतकार प्यारेलालना शिकवलं. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला तेव्हा प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. गुरुदक्षिणा म्हणतात ती ही. तरी लोकांना वाटतं ते अमिताभच्या पात्राचंच नाव, दुसरं कोणी त्या नावाचं होतं हे कुठे माहीत आहे?

स्टुडिओकडे ही मंडळी वळली त्याला दारूबंदीही कारण. मोरारजीभाईंनी १९५० पासून मुंबई कोरडी केली, तेव्हा नाचगाण्याच्या रात्रींचा पैसाच आटला. तरी चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताचा वीर नरिमन रोड, गेलॉर्ड, अँबॅसेडर अशा ठिकाणी जेवणाबरोबर बँड असायचा. पुढे अंकल आले तेव्हा त्यांचा दिवस असा असे. सकाळी नऊला रेकॉर्डिंग, रात्री नऊला रेस्टॉरंट. दिवसा लिहिलेलं अचूक वाजवायचं, रात्री मनातलं. रेकॉर्डिंगला सगळे एका हॉलमध्ये एकदम वाजवायचे. शेवटच्या अंतऱ्यात एक व्हायोलिन चुकलं की सत्तर जणांनी पहिल्यापासून. दिवसभर चुकायची भीती पोटात घेऊन बसलेला माणूस रात्री मोकळं वाजवायला का धावत असेल ते तुम्हीच समजा.

आंटींचं एक ऐका. रेडिओवर जुन्या गाण्यात सॅक्सोफोन वाजला की त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "हे आमचे!" अंकल पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "नाही गं, ते मनोहारीदा." मनोहारी सिंग म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्याकडचे सॅक्सवादक, २०१० मध्ये गेले. गाणं दुसरं लागलं, आंटी पुन्हा, "मग हे तरी?" "हेपण मनोहारीदा." एकदा आमच्या घरी चहाला बसले असताना एक गाणं लागलं, त्यात मध्येच सॅक्सचा छोटासा तुकडा. अंकलची बोटं कपाच्या कानावर हलली. यांनी पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही?" म्हणाले, "आठ मात्रा. पण फ्लूट फार सुंदर आहे बघ यात." आणि त्या फ्लूटवाल्याबद्दलच बोलत राहिले. स्वतःच्या आठ मात्रांवर त्याहून एक शब्द जास्त नाही.

काय म्हणालात? जॅझ म्हणजे ज्याला जे वाटेल ते वाजवायचं? छे! मलाही त्यातलं शास्त्र कळत नाही, पण अंकलनी आमच्या ओटीवर बसून समजावलेलं सांगते. आधी सगळे मिळून मूळ गाणं वाजवतात, बहुधा बत्तीस मात्रापट्ट्यांचं, म्हणजे मात्रांच्या बत्तीस गटांचं. मग एकेक जण उभा राहतो आणि त्याच बत्तीसच्या आवर्तनात नवी सुरावट रचतो. मागे बास आणि ड्रम आवर्तन धरून ठेवतात. स्वरांच्या जोड्या ठरलेल्या ठिकाणी बदलतात, त्या चुकल्या तर तुमची सम चुकली म्हणायची. सगळ्यांचं सांगून झालं की पुन्हा मूळ गाणं. मध्ये कधी ड्रमवाला आणि सॅक्सवाला चार-चार मात्रापट्ट्यांची देवाणघेवाण करतात, आपल्या सवाल-जवाबासारखी. तुम्ही बंदिश मांडून विस्तार करता, तिथून हे किती लांब आहे, तुम्हीच सांगा. फरक हा की तुमच्याकडे राग एक राहतो आणि यांच्याकडे पायाखालची जमीन दर दोन मात्रापट्ट्यांनी हलते.

आणि आपली रागदारी आणि यांचा जॅझ एकमेकांच्या घरी कधीचे जाऊन आलेले आहेत. पियानोवाला डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला, तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' म्हणून तबकडी काढली. तोडी, भैरव, कलावती, मालकंस असे अकरा राग, रईस खाँची सतार आणि सोबत मनोहारींचा सॅक्स. तुम्हाला ऐकायला देते, यांच्याकडे आहे. शोभा गुर्टू तुमच्या आवडत्या ना? त्यांचा मुलगा त्रिलोक आपल्या मुंबईचाच, आईच्या ठुमरीत वाढलेला. जगभर जॅझवाल्यांबरोबर वाजवतो. जॉन मॅक्लॉफ्लिनच्या तिघांच्या बँडमध्ये होता. ड्रमसमोर खुर्ची न घेता खाली बसतो, शेजारी पाण्याची बादली, तिच्यात झांज बुडवून सूर वाकवतो. अंकलनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणे घरी येऊन आंटींच्या बादलीत पितळी थाळी बुडवून बघत होते. आंटींनी ती थाळी नंतर तीनदा घासली.

अंकलचं पंढरपूर म्हणजे रंगभवन. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजशेजारी, उघड्यावरचं नाट्यगृह. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडियाच्या मंडळींनी तिथे पहिली जॅझ यात्रा भरवली. सॉनी रोलिन्स आला होता, जगातला थोरातला थोर टेनरवाला. आणि त्याच मंचावर आपले लोक. लुई बँक्स यांचा पियानो, ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्स ही जोडी त्याच यात्रांतून पुढे परदेशांतही गेली. बँक्स यांना तुम्ही ओळखता. ते दार्जिलिंगचे, पण १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागायचं, त्याच्या संगीतामागे आपले अशोक पत्की आणि हे बँक्स. अंकल रोलिन्सचं सांगताना हात हवेत धरतात, जणू सॅक्स हातात आहे. दर दोन वर्षांनी यात्रा व्हायची आणि हे दोघे, आमचे हे आणि अंकल, थंडीत मफलर गुंडाळून दगडी पायऱ्यांवर. परत तीच शेवटची विरार गाडी. पुढे शेजारच्या इस्पितळांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या. अंकल त्याबद्दल कोणालाच बोल लावत नाहीत. "आजाऱ्याला झोप हवीच," म्हणतात. म्हणून सांगते, तुमच्या बाळाची झोपायची वेळ त्यांना नुसती सांगा. अर्जबिर्ज काही लागणार नाही.

नव्वद सालानंतर मात्र वाईट दिवस आले. एक कीबोर्डवाला सत्तर जणांचं काम करू लागला. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा घरी बसल्या. काही जण आखातात गेले, काही प्रवासी बोटींवर, काहींनी वाद्यं विकली. आपल्या वसईतल्या लग्नांच्या ब्रास बँडमध्ये तेव्हा नीट कान दिलात, तर एखाद्याची फुंक वेगळी लागायची. स्टुडिओत घडलेली फुंक ती. अंकलही वाजवायचे लग्नात, लाज नाही. एका हॉटेलात लॉबीत वाजवायला लागले. तिथला माणूस सांगायचा, जरा हळू, गिऱ्हाइकांना फोनवर बोलता येत नाही. घरी येऊन अंकल ते असं सांगायचे की आम्ही हसून लोळायचो. आंटी तेवढ्या हसायच्या नाहीत.

आता त्यांच्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतात ती मंडळी. गाड्या दारात लागतात म्हणून तुम्ही वैतागलात, तीच. त्यांची कुंडली सांगते. तो उंच, चष्मेवाला बँकेत आहे, दिवसा कर्जं मंजूर करतो, रात्री डबल बास. ते धूड घेऊन एकदा विरार लोकलच्या मालडब्यात चढला, तर कोळणींनी विचारलं, "आत कोन हाय?" ड्रमवाली मुलगी विरारची, संगणकाच्या कंपनीत नोकरी. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रबराच्या पाट्यावर काठ्या आपटून सराव करते. पियानोवाला पोरगा चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. गिटारवाला मात्र भांडकुदळ. तो म्हणतो, तबला आणा, फ्यूजन करू. अंकल म्हणतात, "आधी ब्लूजच्या बारा मात्रापट्ट्या न मोजता वाजव, मग पाहिजे ते मिसळ." दर महिन्याला भांडण आणि दर महिन्याला तो पुन्हा हजर, येताना आंटींसाठी सुकी मांदेली घेऊन.

मुंबईत या लोकांसाठी जागा उघडतात आणि मिटतात. लोअर परळला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये उघडलं, २०१६ मध्ये बंद झालं. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये जॅझचे कार्यक्रम होतात, वांद्र्याच्या लहानसहान कॅफेंत होतात. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, तेव्हा जरा गर्दी. एरवी चाळीस-पन्नास माणसं, आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या बँडची. आज तू माझ्या समोर बसायचं, उद्या मी तुझ्या. मी आधी हसायचे, म्हटलं हे काय आपलेच आपल्याला टाळ्या वाजवतात! आता कळतं, या लोकांनी एकमेकांचं ऐकणं सोडलं असतं तर नव्वद सालातच सगळं आटोपलं होतं. चिक चॉकलेट असो की बँक्स, मोठ्या नावांच्या मागे अशी चाळीस माणसं मंगळवारच्या रात्री खुर्च्यांवर बसलेली असतात. नावं पुस्तकात जातात. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' लिहिलं, तेव्हा कितीतरी विसरलेली नावं वर आली, फार मोलाचं काम. पण खुर्चीवर बसणाऱ्याचं पुस्तक कोण लिहिणार?

आणि अंकल त्या चाळिसांतलेही पहिले आणि मंचावरच्यांतलेही शेवटचे. म्हणजे कसं, सोलो घ्यायची पाळी आली की आधी पोरांना पुढे करतात. पोरं वाजवून दमली की मग स्वतः उभे राहतात, दोन आवर्तनं, फार तर तीन, आणि बसतात. आमच्या यांनी विचारलं, इतकं थोडं का? म्हणाले, "जे सांगायचं ते झालं." हे कीर्तनकारांना आणि पुढाऱ्यांना कोणीतरी शिकवायला हवं. पैसे वाटायचे तेव्हा सगळ्यांना सारखे, काल आलेल्या ड्रमवालीलाही. एका ट्रंपेटवाल्याला अर्धांगवायू झाला, तर अंकल महिनोन् महिने बोरिवलीला त्याच्या घरी जाऊन बसायचे. तो वाजवू शकत नाही, मग हे त्याच्या जुन्या सुरावटींच्या वह्या नव्याने, सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. त्याच वह्यांतून आता पियानोवाला पोरगा शिकतोय. अंकल त्याला दर वेळी बजावतात, वाजवण्याआधी लोकांना सांग ही अरेंजमेंट कोणाची. तो सांगतो. ज्याचं नाव पडद्यावर कधी आलं नाही, ते आता चाळीस माणसांपुढे दर खेपेला घेतलं जातं.

बघा, बोलता बोलता तुमच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही. जा, पण एक ऐकून जा. या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे. दोघंही या, बाळाला मी सांभाळते, मला ते सगळं पाठ आहे. तिथे एकेकाचा सोलो संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवायच्या असतात, शेवटपर्यंत हात बांधून बसू नका. बासवाल्याच्या सोलोत सगळं एकदम हळू होतं, लोक नेमके तेव्हाच गप्पा मारतात. तेवढं करू नका, अंकल मंचावरून बघतात. आणि तिकीट दारावर काढा हं. शेजारी म्हणून पास मागाल तर ते हसत देतील, आणि तुमच्या दोन तिकिटांचे पैसे गुपचूप स्वतःच्या वाट्यातून डब्यात टाकतील.